कोबीच्या पानाचा रंग

चाचांच्या घराला आता पांढरा रंग आहे. नवे भाडेकरू आले, आल्या आल्या त्यांनी सगळ्या भिंती पांढऱ्याधोप करून घेतल्या आणि मला हाताला धरून आत नेलं. "कसं वाटतंय, बाई? तुम्ही ड्रॉइंगच्या. तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "छान. घर मोठं वाटायला लागलं." मग घरी आले, दार लावून घेतलं आणि ढसाढसा रडले. रंगाच्या बाबतीत आयुष्यात मी दोनदा खोटं बोलले. हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा बोलले ते खुद्द चाचांशी, आणि ते मला अजून सोडत नाही.

इब्राहिमचाचा माझे शेजारी. नदीच्या अंगाला असलेल्या आमच्या गल्लीत त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत. तिकडं पातेलं पडलं की इकडं कळायचं. मी हायस्कुलात ड्रॉइंग शिकवते. लग्न केलं नाही. का केलं नाही ते इथं सांगत बसत नाही, विषय तो नाही. चाचा एका रंगाच्या दुकानात रंग मिळवायचे. म्हणजे गिऱ्हाइकानं नमुना आणायचा आणि चाचांनी नुसत्या नजरेनं तसाच रंग डब्यात कालवून द्यायचा. लोक काय काय आणायचे! शर्टाचं बटण, फुटकी बांगडी, भिंतीचा पोपडा. एकानं तर सासऱ्याच्या कवळीतला निखळलेला दात आणला होता, "असा हस्तिदंती पायजे" म्हणून. चाचांनी तो दात स्वच्छ धुतला, दारात उजेडाला धरला आणि अर्ध्या तासात रंग काढून दिला. वर गिऱ्हाइकाला सांगितलं, "सासऱ्याला चहा कमी करा म्हणावं."

ते कायम पांढरे कपडे घालायचे. पांढरी विजार, पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि त्या सगळ्यावर चाळीस वर्षांच्या रंगाचे शिंतोडे. एवढे शिंतोडे उडतात तर गडद कपडे का घालत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तांबडा सदरा घातला तर त्याची झाक डब्यात पडती की. मग मी रंग बघतोय का माझा सदरा बघतोय?" मी घरी जाऊन करून बघितलं. लाल ओढणी पांढऱ्या कागदाजवळ धरली तर कागद खरंच गुलाबी दिसायला लागला. एवढी वर्षं मी रंग शिकवत होते आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा नेम उजेडाचा. बल्बखाली त्यांनी कधी रंग बघितला नाही. भर उन्हातही नाही. उत्तरेच्या दारात, सावलीत उभं राहून बघायचं. कितीही घाईचं गिऱ्हाईक असलं तरी "थांबा जरा पावणं, ऊन खोटं बोलतंय" म्हणून त्याला बसवून ठेवायचे. मालक वैतागायचा. चाचांना त्याचं काही नसायचं.

तिसरी सवय चिठ्ठ्यांची. रंग मिळाला की एका जाड कागदाच्या तुकड्यावर अंगठ्यानं त्याचा ठिपका उठवायचे आणि मागं लिहायचे: पांढरा एक डबा, पिवडी दोन चमचे, निळा टिपूसभर, कागलचे पाटील, माडीची खोली. असल्या शेकडो चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. "धा वर्सांनी कुणाची भिंत उकरली तरी त्याला त्याचा रंग परत मिळायला पायजे," असं म्हणायचे.

आमची खरी ओळख झाली ती शाळेच्या गॅदरिंगमुळं. नाटकातल्या राजवाड्यासाठी मला गडद लाल हवा होता. मी तोऱ्यात दुकानात गेले आणि लाल रंगाचा डबा आणि थोडा काळा मागितला.

"काळा कशाला?" चाचांनी विचारलं.

"लाल गडद करायचाय."

"गडद करायचाय का मारायचाय?"

मला राग आला. म्हटलं, "मी ड्रॉइंग टीचर आहे."

"मग तर तुमाला म्हाईत असंल की," असं म्हणून त्यांनी दोन वाट्यांत लाल ओतला. एकीत काळ्याचा थेंब टाकला आणि ढवळला. रंग मेला. काजळी धरल्यागत दिसायला लागला. दुसऱ्या वाटीत हिरव्याचा थेंब टाकला. लाल तसाच खोल खोल होत गेला, पण जिवंत राहिला. मी बघतच बसले. दहा वर्षं मी फळ्यावर रंगचक्र काढून पोरांकडून घोकून घेत होते: लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग, लालसमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा, निळ्यासमोर नारिंगी, आणि समोरासमोरच्या रंगांना म्हणायचं विरोधी रंग. पण लालमध्ये हिरवा मी कधी घालून बघितला नव्हता.

"हे विरोधी रंग," मी आपलं तोंड राखायला म्हटलं.

"विरोधी कशाला म्हणता?" चाचा हसले. "एकमेकाला शांत करत्यात की. आमच्या घरात या, दावतो. मी तांबडा, आमची खातून हिरवी. मी वराडलो की ती जराशी हसती, झालं, मी गप्प."

खातूनचाची खरंच तशा होत्या. बुटक्या, गोल, सदा कुठलीतरी भाजी निवडत दारात बसलेल्या. नवऱ्याला त्या कुणाच्याही देखत टोमणे मारायच्या आणि त्याला ते आवडायचे.

शेजारी कोण बसलंय यावर रंगाचं तोंड ठरतं, हे चाचांचं आवडतं म्हणणं. त्याची गंमत कागलच्या पाटलांनी दाखवली. लग्नघर होतं. त्यांनी माडीवरच्या खोलीसाठी फिकट साईचा रंग नेला आणि तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन आरडाओरडा केला. "ओ चाचा, साय सांगितलीवती, तुमी गुलाबी दिला! पोरीची खोली न्हाय, आमच्या वडलांची हाय!" चाचांनी डब्यातला ठिपका चिठ्ठीशी ताडून बघितला. रंग बरोबर होता. मग एसटीनं कागलला गेले. खोलीत शिरून एक नजर फिरवली आणि पाटलांना म्हणाले, "पावणं, भिंतीला काय झालं न्हाय. तिच्या शेजाऱ्याला झालंय. ह्यो पडदा कुणी आणला?" खिडकीला, दाराला, पलंगाला, सगळीकडं नवा कोरा पोपटी कपडा होता. पडदे काढून बाहेर नेले आणि भिंत पुन्हा साईची झाली. पाटील भिंतीला हात लावून बघायला लागले. त्यांना वाटलं चाचांनी काहीतरी जादू केली. चाचा जेवूनच परत आले आणि आठवडाभर गल्लीत सगळ्यांना ती गोष्ट ऐकवत होते.

अशा माणसाचं स्वतःचं घर मात्र कित्येक वर्षं नुसत्या चुन्याचं. चाची म्हणायच्या, "साऱ्या कोल्हापूरला रंग देत्यात, आमाला चुना." एका रविवारी त्या कोबी चिरत होत्या. चाचा परत रंगाचं काहीतरी पुराण सांगत होते. चाचींनी कोबीचं एक बाहेरचं पान काढलं, उलटं केलं आणि त्यांच्या हातात दिलं. "असा पायजे. देता काय बोला."

कोबीच्या पानाची मागची बाजू तुम्ही कधी नीट बघितली आहे का? हिरवी नाही, निळी नाही, राखी नाही. वर एक पुसटशी साय. चाचा पान घेऊन तसेच उठले. पान सुकलं की रंग गेला, म्हणून संध्याकाळच्या आत त्यांनी तो मिळवला आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीची मोठी भिंत स्वतः रंगवली. चाची त्या भिंतीला पाठ लावून दिवाणावर बसायच्या. रोज तिथंच, वर्षानुवर्षं. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा एक गोल डाग भिंतीवर पडला. चाचा त्यावरून कुरकुर करायचे. मग चाची गेल्या. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत खेळ आटोपला. आणि तो डाग राहिला.

त्यानंतरच्या वर्षी मी चाचांना शाळेत बोलावलं, जरा माणसांत येतील म्हणून. त्यांनी फळ्यावर पांढरा कागद लावला, मधोमध लाल गोल चिकटवला आणि पोरांना सांगितलं, "डोळं न हलवता ह्याच्याकडं बघा, तीस मोजा." मग गोल काढून टाकला. सगळा वर्ग ओरडला. रिकाम्या कागदावर प्रत्येकाला हिरवा गोल दिसत होता. "डोळा उपाशी ऱ्हात न्हाय," चाचा म्हणाले. "तांबडं काढून घेतलं की समोरचं हिरवं आपल्या आपण तयार करतोय."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "पण ते किती वेळ राहतं?"

"जेवढा येळ बघितलं असंल त्यावर हाय, बाळ."

परत येताना रिक्षात, घर जवळ आल्यावर म्हणाले, "पस्तीस वर्सं बघितलं मी तिला. आता ते जायाचं कसं, सांगा."

मग दुकानात मशीन आलं. नमुना त्याच्यासमोर धरला की ते स्वतःच ठरवतं आणि डब्यात थेंब सोडतं. मालकानं चाचांना शाल दिली, "आता आराम करा" म्हणाला. चाचा शाल आणि चिठ्ठ्यांचा डबा घेऊन घरी आले. दुपारी त्यांच्याकडं डोकावलं तर ते जमिनीवर चिठ्ठ्या मांडत बसलेले असायचे. कधी फिक्यापासून गडदपर्यंत, कधी उबदार रंगांपासून गारव्याच्या रंगांपर्यंत. सगळी खोली भरायची. "ह्यो उचगावचा. पोरीच्या लग्नाला दिलता. ह्यो दाताचा." संध्याकाळी सगळ्या गोळा करून डब्यात भरायच्या, दुसऱ्या दिवशी परत मांडायच्या. एकट्या माणसाचा दिवस किती लांब असतो हे मला कुणी शिकवायला नको, पण त्यांचा बघवत नव्हता.

एका पावसाळ्यात नदी गल्लीत शिरली. आम्ही सगळे शाळेत जाऊन राहिलो. पाणी उतरल्यावर आलो तर भिंती कमरेपर्यंत ओल धरून फुगलेल्या. खालचा गिलावा काढून नवा करावा लागला. चाचांची भिंत वरून कोबीच्या पानाची, खालून सिमेंटची. डाग वरच्या अर्ध्यात होता, तो वाचला. गल्लीतले सगळे म्हणाले, सगळी भिंत एकदमच रंगवून टाका. चाचा म्हणाले, "मग ती कुठं बसायची?"

म्हणजे आता खालच्या अर्ध्या भिंतीला वरच्यासारखाच रंग हवा होता, सांधा दिसता कामा नये असा. मी म्हटलं, चिठ्ठी काढा. चिठ्ठी नव्हती. साऱ्या जगाच्या चिठ्ठ्या केल्या, घरची केली नव्हती. "घरच्या मानसाला कोन चिठ्ठी देतंय?" एवढंच म्हणाले. मशीनला दाखवायचं तर पोपडा खरवडून न्यावा लागला असता आणि त्या भिंतीला ते नख लावू देत नव्हते. शिवाय ज्यानं घरी बसवलं त्याच्या दारात ते जाणार नव्हते, ही गोष्ट वेगळी.

दोन वर्षं ते रंग मिळवत होते. खालच्या गिलाव्यावर ठिपके, ठिपक्यांवर ठिपके. पूर्वी अर्ध्या तासात दाताचा रंग काढणारा माणूस! मला शंका आली होती. एकदा माझी जांभळी साडी बघून ते म्हणाले होते, "ही कॉफी कलरची बरी दिसती." मी हसून सोडून दिलं. मोतीबिंदू डोळ्यावर पिवळी काच धरल्यासारखा असतो, निळं आणि जांभळं त्यातून नीट येत नाही, हे मला ठाऊक होतं. ज्या माणसाचं सगळं आयुष्य डोळ्यावर उभं, त्याला "तुमचे डोळे गेले" कसं सांगू?

एका सकाळी त्यांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. "झाला, बाई. या. बघा."

खालची अर्धी भिंत रंगवून झाली होती. आणि ती निळी होती. वरच्यापेक्षा चांगलीच निळी. या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर सरळ रेघ दिसत होती, पट्टीनं मारल्यासारखी. चाचा तिच्यासमोर उभे होते आणि त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी चाची गेल्यापासून बघितला नव्हता.

"सांधा दिसतोय का?"

"नाही, चाचा," मी म्हणाले. "एकच झालं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. गल्लीत कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं. पण त्यांनी मला विचारलं, कारण मी खोटं बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती. देवा रे, तो हात मला अजून जाणवतो.

वर्षभरानं ते पायरी चुकून पडले. मग मात्र मी त्यांना ओढतच डॉक्टरांकडं नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी उजव्याचं ऑपरेशन करू, महिन्यानं डाव्याचं, असं ठरलं. पट्टी काढल्यावर दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून चाचांनी वर बघितलं. "बाई, आभाळ एवढं निळं असतंय व्हय? मी इसरूनच गेलतो!" वाटेत रिक्षातून ते लहान पोरासारखे पाट्या, साड्या, फुलं बघत होते. आणि आम्ही कुठं चाललोय ते मला माहीत होतं.

मी उंबऱ्यातच थांबले. चाचा आत गेले. भिंतीसमोर उभे राहिले. मग त्यांनी तळव्यानं उजवा डोळा झाकला, मग डावा, परत उजवा.

"ही रेघ तुमाला तवाच दिसलीवती?" माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बोलला का न्हाई?"

"तुम्ही इतके खूश होता, चाचा."

"मला खूश करायला बोलावलं नव्हतं, बाई. बघायला बोलावलंतं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद झालं. भिंतीपलीकडं पातेलं वाजायचं, खोकला ऐकू यायचा, तेवढंच. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. ते गेले नाहीत. पुतण्या मिरजेहून येऊन समजावून गेला, त्याचंही ऐकलं नाही. मला वाटलं हा माझ्यावरचाच राग आहे. शेवटी माझीच सहनशक्ती संपली. काय बोलायचं ते बोलतील, पण आज दोन शब्द ऐकवूनच येते, असं म्हणून मी भाजीचा डबा घेतला आणि त्यांच्या दारात गेले. पुढच्याच आठवड्यात ते अंथरुणाला खिळले, पुतण्यानं त्यांना मिरजेला नेलं आणि ते तिकडंच गेले. चिठ्ठ्यांचा डबा त्यानं मला आणून दिला, तो माझ्या कपाटात आहे. पण मी त्यांना पाहिलं ते शेवटचं त्या संध्याकाळीच.

पाच वाजले असतील. दार उघडंच होतं. दिवाण भिंतीपासून ओढून समोर आणला होता आणि चाचा त्याच्या कडेवर बसले होते. उजव्या हाताचा तळवा उजव्या डोळ्यावर घट्ट धरलेला. नव्या डोळ्यावर.

"चाचा, डावा डोळा का करून घेत नाही?" मी दारातूनच भांडायला सुरुवात केली. "एका डोळ्यानं माणूस परत पडेल. आणि आता तुम्हाला चांगलं दिसतंय, तर त्या डोळ्यानं रंग परत मिळवा. मी डबे आणून देते. दोन दिवसांचं काम."

"बसा," ते म्हणाले. इतक्या दिवसांनी बोलले आणि आवाजात राग नव्हता. "ह्या जुन्या डोळ्यानं बघितलं की सांधा न्हाय, बाई. भिंत एकच हाय. तिचा डागबी जाग्यावर हाय."

"पण तो डोळा खरं दाखवत नाही, चाचा."

"म्हाईत हाय की. नव्या डोळ्यानं खरं दिसतंय, पर वरची भिंतबी वळखीची वाटत न्हाय. ह्यो कुठला निळा, कुणी दिला, काय कळत न्हाय." त्यांनी तळवा आणखी घट्ट दाबला. "ह्या नव्या डोळ्यानं मी तिला कधी बघितलेलंच न्हाय."

भांडण कुठल्या कुठं गेलं होतं. मग त्यांनी तळवा काढला, उजवा डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि पायांपासून वरपर्यंत नजर नेली, पूर्वी दुकानात नमुना बघायचे तशी.

"जांभळी हाय की ही साडी," ते म्हणाले. "मी कॉफी कलर म्हनलोतो. चुकलं माझं. चांगली हाय."

एवढं बोलून त्यांनी तळवा परत त्या डोळ्यावर ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. मी डबा दिवाणाच्या कडेला ठेवला, चपला घातल्या आणि दार उघडंच ठेवून घरी आले, कारण उजेड उत्तरेचा होता आणि तो त्यांना हवा होता.